वनाचे गुपित आणि माणसाची माया : जातककथांतील एका पेचाचा इतिहास

जातककथांचे वाचन आपल्याकडे बहुधा दोन दृष्टींनी होते. एक, मुलांना सांगावयाच्या बोधकथा म्हणून. आणि दुसरे, प्राचीन भारतातील व्यापार, नगरे, जाती आणि व्यवसाय यांची माहिती देणारे साधन म्हणून. दोन्ही दृष्टी उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु जातके ही मुळात लघुकथा आहेत. कोणत्याही चांगल्या लघुकथेप्रमाणे त्यांतही माणूस अशा ठिकाणी उभा केलेला असतो की, जेथे दोन खऱ्या निष्ठांपैकी एकीलाच त्याला जागता येते. प्रस्तुत लेखात अशाच एका पेचाचा विचार करावयाचा आहे. रानातील एखाद्या प्राण्याचा ठावठिकाणा ज्याला ठाऊक आहे, त्याने तो आपल्या आवडत्या, उपकारकर्त्या किंवा धनवान माणसाला सांगावा काय? रानाशी असलेले इमान श्रेष्ठ, की माणसाची माया?

हा प्रश्न आधुनिक पर्यावरणवादाने निर्माण केला अशी समजूत आहे. वस्तुतः त्याला दोन हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्याचे सर्वांत जुने पुरावे कागदावर नसून दगडावर आहेत.

भारहुतचे वर्तुळ

सन १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांना मध्य भारतातील भारहुत येथे एका उद्ध्वस्त स्तूपाचे अवशेष सापडले. त्यांवरील त्यांचा ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या वेदिकेचा मोठा भाग आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. तिच्यावरील अनेक शिल्पांशेजारी ब्राह्मी लिपीत कथेचे नाव कोरलेले असल्याने कोणती कथा त्या काळी लोकांना परिचित होती हे निश्चितपणे सांगता येते. त्यांपैकी एका वर्तुळाकार शिल्पावर ‘मिगजातक’ अशी अक्षरे आहेत. पालि संग्रहात हीच कथा रुरुजातक या नावाने ४८२ व्या क्रमांकावर येते.

कथा थोडक्यात अशी. वाराणसीचा महाधनक नावाचा श्रेष्ठिपुत्र सारी संपत्ती उधळून कर्जबाजारी होतो आणि सावकारांना टाळण्यासाठी गंगेत उडी घेतो. रात्री त्याचा आक्रोश ऐकून रुरु नावाचा सुवर्णवर्णाचा मृग प्रवाहात शिरतो, त्याला पाठीवर घेऊन तीराला आणतो, त्याची शुश्रूषा करतो आणि एवढेच मागतो की, माझे राहण्याचे ठिकाण कोणाला सांगू नकोस. इकडे राणी खेमा हिला स्वप्नात धर्मोपदेश करणारा सुवर्णमृग दिसतो. राजा बक्षीस जाहीर करतो आणि महाधनक राजाला रानाची वाट दाखवितो.

भारहुतच्या शिल्पकाराने या कथेतील तीन प्रसंग एकाच वर्तुळात बसविले आहेत. खाली नदीतून माणसाला पाठीवर घेऊन येणारा मृग, एका बाजूस बाण रोखलेला राजा व बोट दाखविणारा माणूस, आणि मध्यभागी मृगासमोर हात जोडून उभा असलेला तोच राजा. त्या लहानशा वर्तुळात वाचविणारी पाठ आणि दाखविणारे बोट यांच्यामध्ये वीतभराचेही अंतर नाही. कथेचा सारा नैतिक भार त्या बोटावर आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. महाधनकाला रान दाखविण्यास कोणी दुष्ट राक्षस सांगत नाही. मागणी येते ती एका राणीच्या धर्मश्रवणाच्या इच्छेतून आणि राजाच्या पत्नीप्रेमातून. म्हणजे मानवी माया येथे खोटी नाही. ती खरी आहे, म्हणूनच ती धोकादायक आहे.

वाट लक्षात ठेवणारा वनचर

याच पेचाचे अधिक करुण रूप मातुपोसकजातकात (क्रमांक ४५५) आढळते. हिमालयात एक पांढरा हत्ती आपल्या आंधळ्या आईला सांभाळून असतो. वाट चुकून रडत फिरणारा एक वनचर त्याला दिसतो. हत्ती त्याला पाठीवर बसवून मनुष्यवस्तीच्या वाटेला लावतो. परंतु पाठीवर बसलेला तो माणूस वाटेतील झाडे आणि डोंगर यांच्या खुणा मनात साठवीत जातो. पुढे राजाचा मंगलहस्ती मरतो, नव्या हत्तीचा शोध सुरू होतो आणि वनचर खुणा सांगतो.

पकडावयास आलेल्यांना चिरडण्याचे सामर्थ्य असूनही हत्ती क्रोध आवरतो. मात्र वाराणसीत आल्यावर तो अन्नाला सोंड लावीत नाही. राजा कारण विचारतो तेव्हा कळते की, रानात एक आंधळी आई उपाशी आहे. राजा त्याला तत्काळ मुक्त करतो. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात ही कथा रंगविलेली आहे, आणि माय-लेकरांच्या पुनर्भेटीचे दृश्य पाहणाऱ्याच्या मनातून सहसा जात नाही.

या कथेची प्रस्तावना, म्हणजे पच्चुप्पन्नवत्थु, एका भिक्षूविषयी आहे. भिक्षेत मिळालेले अन्न तो आपल्या निराधार आईवडिलांना देतो म्हणून इतर भिक्षू त्याला नावे ठेवतात. बुद्ध त्याची प्रशंसा करतात आणि ही पूर्वकथा सांगतात. म्हणजे मानवी मायेचे समर्थन करण्यासाठी सांगितलेली कथा रानातील एका प्राण्याच्या मायेवर उभी आहे. राजा हत्तीला सोडतो तो प्राणिदयेचा सिद्धान्त पटला म्हणून नव्हे. आपल्या आणि त्याच्या हृदयात एकच गोष्ट आहे, हे त्याला ओळखू येते म्हणून.

छद्दन्त : मायेची काळी बाजू

माया नेहमीच वाचविते असे मात्र जातककार मानीत नाही. छद्दन्तजातक (क्रमांक ५१४) याचे भेदक उदाहरण आहे. गजराज छद्दन्ताच्या दोन पत्नी, महासुभद्दा आणि चूळसुभद्दा. एकदा त्याने फुललेल्या शालवृक्षाला धक्का दिला तेव्हा वाऱ्याच्या दिशेमुळे एकीच्या अंगावर फुले व पराग पडले आणि दुसरीच्या अंगावर वाळक्या काटक्या, पाने व तांबड्या मुंग्या. यात हेतू नव्हता. पण दुसरीच्या मनात डंख राहिला. पुनर्जन्मात ती वाराणसीची राणी झाली आणि आजाराचे निमित्त करून तिने त्या गजराजाचे दात मागितले.

सोनुत्तर नावाचा व्याध सात वर्षे, सात महिने आणि सात दिवस चालून त्या रानात पोचतो. तो खड्डा खणून लपतो, अंगावर काषाय वस्त्र घेतो आणि विषारी बाण मारतो. वेदनेने संतापलेला हत्ती त्याला मारावयास धावतो, पण ते वस्त्र पाहून थांबतो. व्याधाला दात कापता येत नाहीत तेव्हा तो स्वतःच करवत सोंडेत धरून ते कापून देतो. दात राणीसमोर येतात. ते पाहताच पूर्वजन्मीच्या प्रियकराच्या आठवणीने तिचे हृदय फाटते आणि त्याच दिवशी ती मरते.

ही कथाही भारहुतला कोरलेली आहे. अजिंठ्याच्या १० व्या लेण्यातील जुन्या भित्तिचित्रांत दात पाहून मूर्च्छित होणारी राणी रंगविलेली आहे. तेथे चित्रकाराने शिकारीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष तिच्या दुःखाकडे दिले आहे. कथेच्या प्रस्तावनेत श्रावस्तीची एक तरुण भिक्षुणी धर्मसभेत पूर्वजन्म आठवून आधी हसते आणि मग मोठ्याने रडते. आपण त्याची पत्नी होतो हे आठवून हसू आणि आपणच त्याला मारविले हे आठवून रडू! प्रेमाने मागितलेली वस्तू हाती आली आणि प्रेमाचा विषयच नाहीसा झाला, हे दुःख जगातील फार थोड्या कथांनी इतक्या स्पष्टपणे ओळखले आहे.

एक दूरची बहीण

येथे एका अगदी वेगळ्या प्रदेशातील कथेशी तुलना करावीशी वाटते. अमेरिकेच्या मेन राज्यातील लेखिका सारा ऑर्न ज्यूएट (१८४९–१९०९) यांची ‘अ व्हाइट हेरन’ ही कथा १८८६ मध्ये त्यांच्या कथासंग्रहात प्रसिद्ध झाली. नेमक्या याच काळात, १८७७ पासून, कोपनहेगनचे पंडित फाउस्बोल पालि जातकांची संहिता खंडशः प्रकाशित करीत होते. कॉवेल यांच्या संपादनाखालील इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड १८९५ मध्ये निघाला. ज्यूएट यांच्यावर जातकांचा प्रभाव होता असे येथे सुचवावयाचे नाही. दोन परंपरा स्वतंत्रपणे एकाच पेचापाशी आल्या, हीच अभ्यासनीय गोष्ट आहे.

सिल्व्हिया ही नऊ वर्षांची मुलगी गर्दीच्या कारखानदारी गावातून आजीच्या रानाजवळच्या घरी राहावयास आलेली आहे. एका संध्याकाळी गाय घरी आणताना तिला एक तरुण शिकारी भेटतो. तो पक्ष्यांचा अभ्यासक आहे; पक्षी मारून, त्यात पेंढा भरून संग्रह करतो. त्याला एका दुर्मीळ पांढऱ्या बगळ्याचे घरटे हवे आहे आणि ते दाखविणाऱ्यास तो दहा डॉलर देणार आहे. तो सौम्य आहे, प्रेमळ आहे. मुलीला त्याचा लळा लागतो. मात्र ज्या पक्ष्यांवर याचे इतके प्रेम, त्यांनाच हा का मारतो, हे तिला उमगत नाही. पहाटे एकटीच ती रानातील सर्वांत उंच पाइन वृक्षावर चढते. तेथून तिला प्रथमच समुद्र दिसतो आणि बगळ्याचे घरटेही दिसते. घरी परतल्यावर आजी आणि तो तरुण उत्सुकतेने विचारतात. ती बोलत नाही. तरुण निघून जातो. त्याच्या सहवासाची पोकळी तिला पुढे जाणवत राहते, हे लेखिका लपवीत नाही. पक्षी हे त्या माणसापेक्षा खरेच अधिक चांगले सोबती ठरले काय, हा प्रश्न ती उघडा ठेवते.

रुरुजातकाशी ताडून पाहिले असता ही कथा जणू त्याच वर्तुळाची उलटी बाजू वाटते. महाधनकाने वचन दिले होते आणि ते मोडले. सिल्व्हियाने बगळ्याला कोणतेच वचन दिलेले नव्हते, तरी तिने ते पाळले. महाधनकाचे प्राण मृगाने वाचविले होते. बगळ्याने मुलीवर असा कोणताही उपकार केलेला नव्हता. पहाटेच्या उजेडात दोघांनी एकत्र पाहिलेले जग, एवढेच त्यांच्यातील नाते.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. जातकातील मृग बोलतो. बाण रोखलेल्या राजाला तो विचारतो, माझे ठिकाण तुला कोणी सांगितले? त्या बोलण्याने राजाचे मन पालटते, आणि राजा जेव्हा महाधनकावर बाण रोखतो तेव्हा मृगच त्याच्यासाठी अभय मागतो. त्यामुळे कथेच्या शेवटी राजा, मृग आणि विश्वासघातकी माणूस हे तिघेही जिवंत राहतात. ज्यूएट यांचा बगळा बोलू शकत नाही. म्हणून मुलीला गप्प राहावे लागते. तिचे मौन हेच त्याचे बोलणे होते. पण मौनाने पक्षी वाचला तरी तरुणाचे मन पालटत नाही. तो दुसऱ्या रानात, दुसऱ्या पक्ष्यामागे जाणारच.

बक्षीस कोणाचे, गरज कोणाची

या कथांकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एका अंगाने पाहिले पाहिजे. रान ज्याला ठाऊक आहे तो दरिद्री असतो आणि रानातील वस्तू ज्याला हवी आहे तो संपन्न असतो. वनचर, व्याध, कर्जबुडवा तरुण, आजीची नात. आणि समोर राजा, राणी, शहरातून आलेला संग्राहक. दहा डॉलर ही त्या घरासाठी लहान रक्कम नव्हती. राजाने देऊ केलेले गाव महाधनकाचे आयुष्य पालटणारे होते. समोधानात महाधनक आणि सोनुत्तर या दोघांनाही देवदत्त ठरविले गेले आहे. ते परंपरेला धरून आहे. परंतु त्यामुळे बक्षीस लावणाऱ्याची जबाबदारी वाचकाच्या दृष्टीआड होते. बोट दाखविणारा दिसतो, पण बोट दाखवावयास लावणारी सत्ता हात जोडून पुण्यवान ठरते.

सम्राट अशोकाच्या लेखांत या प्रश्नाची राजकीय बाजू दिसते. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की, पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता केवळ दोन मोर आणि एक मृग, आणि मृगही नित्य नव्हे. अभिषेकाला २६ वर्षे झाल्यावरच्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, चक्रवाक, हंस इत्यादी अवध्य प्राण्यांची यादी आहे. गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतील पिले मारू नयेत, विनाकारण रान जाळू नये, असेही तेथे म्हटले आहे. सुरुवात राजाने स्वतःच्या स्वयंपाकघरापासून केली, हे या लेखांचे वैशिष्ट्य होय. तथापि तेराव्या शिलालेखात हाच सम्राट आपल्या राज्यातील अटवीवासी लोकांना समजावतो आणि पश्चात्तापानंतरही आपल्याजवळ सामर्थ्य असल्याची जाणीव देतो. रानाचे रक्षण आणि रानात राहणाऱ्या माणसांवरील धाक एकाच राजवटीत नांदत होते.

बगळ्याच्या बाबतीतही अखेर व्यक्तीचे मौन पुरे पडले नाही. त्या काळी स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची फॅशन होती. १८८६ मध्येच पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ७०० टोप्या मोजल्या. त्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती. १८९६ मध्ये बॉस्टन येथे हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी स्त्रियांना संघटित करून या पिसांवर बहिष्कार घडवून आणला. पुढे १९०० चा लेसी कायदा आणि १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा कायदा झाला. एका मुलीने जे एकटीने केले ते समाजाने नियम म्हणून स्वीकारले, तेव्हाच बगळे वाचले.

शेताच्या कडेची पाने

मग माणसाचे काय? या प्रश्नाचे जातकांतील सर्वांत प्रामाणिक उत्तर निग्रोधमिगजातकात (क्रमांक १२) आहे. गाभण हरिणीची पाळी आली असता निग्रोध मृग तिच्याऐवजी स्वतःची मान ओंडक्यावर ठेवतो, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. राजा प्रथम त्या दोघांना, मग सर्व मृगांना, मग चतुष्पादांना, पक्ष्यांना आणि जलचरांना अभय देतो. सामान्य बोधकथा येथे संपली असती. जातक मात्र पुढे जाते. निर्भय झालेले मृग शेतकऱ्यांची पिके खाऊ लागतात. लोक राजाकडे गाऱ्हाणे नेतात. राजा म्हणतो, राज्य गेले तरी वचन मोडणार नाही. आता दोन बाजू समोरासमोर उभ्या आहेत आणि दोन्ही न्याय्य आहेत.

तेव्हा निग्रोध आपल्या कळपाला बोलावून सांगतो, यापुढे दुसऱ्याचे पीक खाऊ नका. आणि लोकांना निरोप पाठवितो की, कुंपण घालू नका. शेताच्या कडेला पाने बांधून खूण करा. ती खूण मृग ओलांडीत नाहीत. करुणा म्हणजे एका बाजूने दिलेले दान नव्हे, दोन्ही बाजूंनी पाळावयाची मर्यादा होय, असे ही कथा सांगते. आजही विदर्भातील शेतकरी रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी रात्री जागून काढतो. त्याला केवळ अभयाची पहिली अर्धी गोष्ट ऐकविणे हा त्या शेतकऱ्यावर आणि कथेवरही अन्याय आहे.

शेवटी महासुकजातकाचा (क्रमांक ४२९) उल्लेख केला पाहिजे. गंगातीरी एका उंबराच्या झाडावर राहणारा पोपट फळे संपल्यावरही झाड सोडीत नाही. पालवी, पाने, साल जे मिळेल ते खाऊन राहतो. शक्र त्याची परीक्षा पाहण्यासाठी झाड वाळवितो, तरी तो जात नाही. हंसाचे रूप घेऊन शक्र विचारतो, तेव्हा पोपट सांगतो की, हे झाड माझा मित्र आहे आणि सज्जन मित्राला वाईट दिवसांत टाकीत नाहीत. वर मागण्याची वेळ येते तेव्हा तो झाडाचे जीवन मागतो.

येथे आपल्या प्रश्नाची मांडणीच बदलते. झाडाशी असलेल्या नात्यासाठी पोपटाजवळ वेगळा शब्द नाही. माणूस माणसाविषयी वापरतो तोच मैत्रीचा शब्द त्याला पुरतो. निसर्गनिष्ठा आणि मानवी माया या दोन वेगळ्या वस्तू मानल्या की, एकीची निवड करावी लागते. जातककारांच्या मते ती एकच मेत्ता आहे. तिची सीमा कोठे आखावयाची एवढाच वाद आहे. मात्र असे म्हटल्याने किंमत मोजावी लागत नाही असे नव्हे. राणीचे हृदय फाटले, भिक्षुणी रडली, मेनमधील त्या मुलीची संध्याकाळ रिकामी गेली.

दुर्गाबाई भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’मुळे ह्या कथा मराठी वाचकाला सहज उपलब्ध झाल्या आहेत, आणि अजिंठा तर आपल्या घरचाच आहे. १० व्या आणि १७ व्या लेण्यांत जाणाऱ्यांनी केवळ बोधिसत्त्वाकडे न पाहता वाट दाखविणाऱ्या आणि बक्षीस लावणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांकडेही पाहावे. मुलांना रुरु मृगाची गोष्ट सांगताना ‘महाधनक वाईट होता’ एवढ्यावर थांबू नये. त्याच्या जागी तू असतास, विचारणारा तुझ्या आवडीचा असता आणि घरात पैशाची नड असती, तर तू काय केले असतेस, हे विचारावे आणि उत्तराची घाई करू नये.